काळ्या ऑइलपेंटखालची रेस सायकल : कुठली आणि कधीची? (सोलापूर)

सातरस्ता

नमस्कार मंडळी. सोलापुरात जुन्या सामानातून आलेली एक रेस सायकल ओळखायची आहे. डोळ्यांना दिसतं तेवढं आधी लिहितो, मापं अजून घेतलेली नाहीत.

फ्रेमला ब्रशने मारलेला काळा ऑइलपेंट. खालच्या दांड्यावर 'कॅम्पॅग्नोलो' या इटालियन कंपनीचं स्टिकर, तेही काळ्या रंगाच्या वरून चिकटवलेलं. हँडलच्या नळीवर बिल्ला नाही, रिव्हेटची दोन भोकं तेवढी आहेत. हँडल खाली वळलेलं. क्रँक कॉटर पिनचे, म्हणजे आडव्या पिनेने एक्सलवर बसवलेले. पुढे एकच चकती, तिच्यात 'बीएसए' ही अक्षरं कापलेली. मागे पाच चकत्यांचं फ्रीव्हील. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) काळ्या प्लास्टिकचा, त्यावर 'सिम्प्लेक्स'. ब्रेक वायरचे, 'वाइनमान'. रिम स्टीलच्या, क्रोमच्या, 'रिजिडा'. पायडल, सीट, चेन अलीकडची, इकडचीच. चेन पुढच्या चकतीवर नीट बसत नाही, दर दोन-तीन फेऱ्यांना दातांवर चढते.

विकणाऱ्याचं म्हणणं इटलीची आहे. बाकी बघणारे बीएसए म्हणतात. कुठून सुरुवात करू?

आटेमोजणी

मालक, स्टिकर आणि चकती दोन्ही बाजूला ठेवा. जे पाना लावून दहा मिनिटांत बदलता येतं, त्यावरून सायकलचं गाव सांगता येत नाही. चाकं, डिरेलर, क्रँक, सीट, हँडल हे सगळं पन्नास वर्षांत कितीदा बदललं असेल. बदलत नाही ती फ्रेम : तिच्या आट्यांची मापं, नळ्यांचे व्यास, मागचं एक्सल बसतं ती ड्रॉपआउटची पट्टी, आणि ठोकलेला नंबर. यांवर आधी विश्वास, मग सुट्या भागांवर, स्टिकरवर सगळ्यात शेवटी.

तुमची चेन का चढते ते आधी. पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलला ३/३२ इंची अरुंद चेन लागते. साध्या सायकलच्या एकेरी चकतीचे दात १/८ इंची चेनसाठी असतात, म्हणजे जाड. अरुंद चेनच्या पट्ट्यांमध्ये जाड दात पूर्ण उतरत नाही, चेन दाताच्या टोकावर बसते आणि जोर आला की उडी मारते. म्हणजे ही चकती दुसऱ्या सायकलची, नंतर बसवलेली. 'बीएसए' हा पुरावा तिथेच संपला.

सिम्प्लेक्स आणि रिजिडा फ्रान्सचे, वाइनमान स्वित्झर्लंडचं. यावरून फ्रेंच सायकल म्हणायचा मोह होईल. पण १९७० च्या दशकात इंग्लंडचे कारखाने त्यांच्या दहा गिअरच्या स्वस्त आणि मधल्या मॉडेलांवर हेच फ्रेंच-स्विस सामान सर्रास लावत. त्यामुळे इंग्लंड की फ्रान्स हे मापांनीच ठरेल.

ही मापं घ्या, व्हर्निअरने, रंग खरवडून :

बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचं एक्सल जिच्यात फिरतं ती) नळीची रुंदी, म्हणजे डाव्या तोंडापासून उजव्या तोंडापर्यंत, कप आणि लॉकरिंग सोडून. डावा कप (या नळीत आट्यांनी बसणारी छऱ्यांची वाटी) काढून त्याचा बाहेरचा व्यास आणि इंचाला किती आटे. सीटच्या पाइपचा व्यास. हँडलचा स्टेम चिमट्यात जातो त्या खांबाचा व्यास. मागच्या चाकाच्या दोन नटांच्या आतलं अंतर, म्हणजे ड्रॉपआउटच्या आतून आत. टायरवर छापलेलं माप, पूर्ण.

उजवा कप आत्ता काढू नका. तो न काढता काम होतं, आणि चुकीच्या दिशेने पिळला तर त्याची बसकी कड पान्याखाली गोल होते.

चकतीवाला

माझं मत इटलीकडेच झुकतं. बीबीची नळी ७० मिमीच्या आसपास निघाली तर इटालियन समजायला हरकत नसावी. आणि स्टिकर कुणीतरी काहीतरी बघूनच लावलं असेल की.

आटेमोजणी

७० च्या 'आसपास' याच शब्दात घोटाळा आहे. इटालियन नळी ७० मिमी, साधी इंग्लिश ६८ मिमी, आणि इंग्लंडातल्याच रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याची स्वतःची ७१ किंवा ७६ मिमी. तोंडावर ऑइलपेंटचे दोन थर असले की ७० ची ७१ दिसते. म्हणून खरवडून मोजा म्हटलं. रुंदीबरोबर आटे जुळले पाहिजेत, तरच निकाल.

आट्यांचा हिशेब असा. साधी इंग्लिश नळी : १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजवा कप उलट्या आट्यांचा. नॉटिंगहॅमची रॅले : व्यास जवळजवळ तोच, १ ३/८ इंच, पण इंचाला २६ आटे, उजवा कप उलट्या आट्यांचाच. इटालियन : ३६ मिमी व्यास, इंचाला २४, दोन्ही कप सुलट्या आट्यांचे. फ्रेंच : ३५ मिमी, आट्यांतलं अंतर १ मिमी, दोन्ही सुलटे. स्विस म्हणजे फ्रेंचच, फक्त उजवा कप उलटा.

इटालियन कप ३६ मिमीचा, इंग्लिश ३५ च्या जरासा खाली. एक मिमीचा फरक व्हर्निअरवर लपत नाही. इटलीचा प्रश्न एवढ्यावरच मिटेल.

दुसरी खूण ड्रॉपआउट. कॅम्पॅग्नोलोचे असतील तर पोलादाचे ठोकून घडवलेले, जाड, डिरेलर अडकवायचा कान त्याच तुकड्यातून निघालेला, आणि कंपनीचं नाव त्यातच उठवलेलं असतं. सपाट पत्र्यातून कापलेली एकसारख्या जाडीची पट्टी असेल आणि डिरेलर वेगळ्या पंजाने एक्सलच्या नटाखाली पकडला असेल, तर ती स्वस्त किंवा मधल्या दर्जाची फ्रेम. सातरस्ता, तेवढं बघून सांगा.

पूर्वभाग

आटे मोजायला नवीन साधन घ्यायची गरज नाही. यंत्रमागाचं काम करणाऱ्या फिटरकडे किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवर पिच गेज मिळतं. फक्त कुठलं पान लावता ते बघा. नुसतं मेट्रिक गेज इथे पुरणार नाही. इंची गेजमध्ये २४ आणि २६ ही दोन्ही पानं असली पाहिजेत. बीएसएफच्या (जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या) गेजमध्ये २६ चं पान असतं, कारण पाव इंची बीएसएफ बोल्टला इंचाला २६ आटे असतात. त्या पानाचा कोन ५५ अंशांचा आणि सायकलच्या आट्यांचा ६०, त्यामुळे पान तळाशी घट्ट बसणार नाही. घाबरू नका, तुम्हाला कोन नको, संख्या हवी. दात आणि आटे शेवटपर्यंत एकासमोर एक येतात का तेवढं उजेडासमोर धरून बघा.

पट्टी लावून मोजायला जाल तर फसाल. कपावर जेमतेम १० मिमी लांबीचे आटे असतात. २४ असतील तर तेवढ्यात साडेनऊच्या आत, २६ असतील तर दहाच्या किंचित वर. एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

गेज नाहीच मिळालं तर एक उपाय. हल्लीच्या गिअर सायकलचा बीबी कप घ्या, ज्यावर 'बीसी १.३७ × २४' असं छापलेलं असतं. तो आणि तुमचा कप आट्यांना आटे लावून उजेडाकडे धरा. दोन्ही २४ असतील तर आटे एकमेकांत शेवटपर्यंत मिसळतात, मधून उजेड येत नाही. २४ आणि २६ असतील तर एका टोकाला मिसळतात आणि दुसऱ्या टोकाला शिखर शिखरावर चढतं, तिथे उजेडाची फट दिसते.

पण ते कप एकमेकांच्या नळीत फिरवून बघू नका! २४ चा कप २६ च्या नळीत दोन फेरे जातो आणि अडकतो. तिसरा फेरा पान्याने दिला की नळीचे आटे कापले जातात.

कॉटरपिन

डावा कप काढायचा म्हणजे आधी डावा क्रँक काढावा लागेल, आणि बहुतेक जुन्या सायकली इथेच खराब होतात. म्हणून सविस्तर लिहिते.

कॉटरवर थेट हातोडा मारला की तीन गोष्टी होतात. पिनेचं आट्यांचं टोक चेपून रुंद होतं आणि मग ती भोकातून कधीच निघत नाही. धक्का एक्सलवरून छऱ्यांवर जातो आणि कपाच्या घासलेल्या वाटेत छऱ्यांचे खड्डे उमटतात. आणि पिन वाकते ते वेगळंच.

आदल्या संध्याकाळी पिनेच्या दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या. नट पूर्ण काढू नका, इतकाच सैल करा की त्याचं तोंड पिनेच्या टोकाशी सपाट येईल, म्हणजे आटे नटाच्या आत सुरक्षित राहतील. मग मजबूत सी-क्लॅम्प किंवा लहान बाक-वाइस घ्या. नटाच्या बाजूला क्लॅम्पचा जबडा, पिनेच्या जाड डोक्याच्या बाजूला पिनेपेक्षा मोठ्या भोकाचा सॉकेट, म्हणजे पिन सॉकेटमध्ये शिरेल आणि क्रँक सॉकेटच्या कडेवर टेकेल. आता हळूहळू आवळा. पूर्ण ताण आला की थांबा आणि क्लॅम्पच्या मागच्या टोकावर हातोडीचा एकच टोला द्या. 'टक्' असा मोठा आवाज येतो, तीच पिन सुटल्याची खूण. नाही आला तर पुन्हा तेल, पुन्हा ताण.

हातोड्याशिवाय पर्याय नसेल तर क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावा, म्हणजे धक्का पाइपमधून जमिनीत जाईल, छऱ्यांत नाही.

पिन निघाली की तिचाही व्यास मोजा. इंग्लिश पिन ९.५ मिमी, फ्रेंच-इटालियन बहुधा ९. हीसुद्धा एक साक्ष. नवी पिन साध्या दुकानात मिळते, पण तिच्या उताराचा कोन जुन्याशी ताडून बघा. कोन वेगळा असेल तर क्रँक एकमेकांच्या सरळ रेषेत येत नाहीत, आणि पिन घासून बसवावी लागते.

सातरस्ता

सगळ्यांचे आभार. कॉटरपिन, तुमच्या पद्धतीने दुसऱ्या प्रयत्नात सुटली, पिन शाबूत आहे. पिच गेज एका लेथवर मिळालं. मापं :

बीबीची नळी खरवडून ७१.१ मिमी. रंगासकट ७१.८ भरली होती. डाव्या कपाचा व्यास ३४.८. २६ चं पान शेवटपर्यंत जुळतं, २४ चं जुळत नाही. पिन ९.५. सीटचा पाइप २५.८. स्टेमचा खांब २२.२. ड्रॉपआउट आतून आत १२०. ड्रॉपआउट सपाट पत्र्याचे, डिरेलर वेगळ्या पंजावर. टायरवर २७ × १ १/४.

अजून एक. सीटच्या दांड्याला, बीबीपासून साधारण चार बोटं वर, रंगाखाली एका पट्टीचा वळ आहे, हाताला लागतो. आणि पुढच्या चिमट्याच्या खांद्यांवर काळ्या रंगाखाली क्रोमच्या गोल टोप्या आहेत.

आटेमोजणी

नॉटिंगहॅम. आता शंका उरली नाही. ७१ मिमी आणि इंचाला २६ आटे ही जोडी रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या मुख्य कारखान्याची. रॅलेचंच वर्कसॉपचं कार्लटन वर्कशॉप, जे रॅलेने १९६० मध्ये घेतलं, तिथल्या महागड्या फ्रेमना ६८ मिमी आणि २४ आटे असत. म्हणजे ही वरच्या दर्जाची वर्कसॉपची नाही, मुख्य कारखान्यातली आहे. चिमट्याच्या खांद्यावरच्या टोप्याही त्याच घराण्याच्या.

बाकी मापं त्याला धरूनच आहेत. स्टेम २२.२ म्हणजे इंग्लिश, फ्रेंच असता तर २२.० भरला असता. १२० मिमी म्हणजे मुळातच पाच चकत्यांसाठी बनवलेली फ्रेम. सहा चकत्यांना १२६ लागतात, आणि इकडच्या साध्या सायकलला यापेक्षा कमी जागा असते. साध्या सायकलला खाली वळलेलं हँडल लावून 'रेस' केलेली ही नाही, हे त्यावरून पक्कं. सीटच्या दांड्यावरचा वळ पुढच्या डिरेलरच्या पट्ट्याचा. पुढे दोन चकत्या होत्या, दोन पाचे दहा गिअर.

सीटच्या पाइपचं माप फार बोलकं आहे. इंग्लिश सीटचा दांडा बाहेरून २८.६ मिमी. आत २५.८ चा पाइप बसतो, म्हणजे नळीची भिंत साधारण १.४ मिमी जाड. महागड्या फ्रेमना वापरतात ती रेनॉल्ड्स ५३१ ची टोकाला जाड, मध्ये पातळ अशी नळी असती तर पाइप २७.२ च्या जवळ आला असता. म्हणून ही साध्या पोलादाच्या जाड नळ्यांची. पूर्ण सायकल लटकवून वजन केलंत तर १३ किलोच्या आगेमागे भरावी.

चकतीवाला

ठीक, इटली मागे घेतो. ३४.८ वर बोलायला जागाच नाही. मग आता 'रॅले' लिहून टाकायचं ना?

बिल्लारिव्हेट

थोडं थांबा. नॉटिंगहॅम सिद्ध झालं, 'रॅले' हे नाव अजून सिद्ध व्हायचं आहे.

बीएसएचा सायकलधंदा १९५७ मध्ये रॅलेकडे गेला. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा सायकलगट आणि रॅले एक झाले, त्यातून हर्क्युलस आणि फिलिप्स ही नावंही रॅलेच्या छताखाली आली. त्यानंतर एकाच कारखान्यातून, त्याच नळ्या, त्याच आट्यांनी बनलेली फ्रेम वेगवेगळ्या बिल्ल्यांनी बाहेर पडत होती. बिल्ला गेला, रंग गेला, की फ्रेम फक्त कारखाना सांगते, बिल्ला सांगत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. हीच नावं भारतातही बनत होती. मद्रासजवळ अंबत्तूरला, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलस, पुढे फिलिप्स आणि बीएसएही काढल्या. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला, आणि १९८० च्या कायद्याने मुंबईच्या हिंद सायकल्सबरोबर त्याचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यामुळे सोलापुरात एखाद्या जुन्या सायकलवर 'रॅले' किंवा 'हर्क्युलस' दिसलं म्हणून ती विलायती होत नाही, आणि विलायती फ्रेमवर अंबत्तूरची चकती दिसली म्हणून ती देशी होत नाही. तुमच्या सायकलचं नेमकं हे दुसरं झालं आहे.

आता दोन कामं उरली. नंबर आणि मूळ अक्षरं.

नंबर तीन ठिकाणी शोधा : बीबीच्या नळीच्या तळाला, सीटच्या लगच्या (नळ्यांच्या सांध्यावरच्या पोलादी खोबणीच्या) मागच्या बाजूला, डाव्या ड्रॉपआउटवर. नॉटिंगहॅम आणि वर्कसॉपच्या नंबरांची एक पद्धत १९७३ पासून सुरू झाली. पहिलं अक्षर कारखाना : एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. दुसरं अक्षर महिना. तिसरा अंक वर्षाचा शेवटचा आकडा. महिन्यांची अक्षरं सलग नाहीत, तिथे लोक चुकतात : ए जानेवारी, बी फेब्रुवारी, डी मार्च, ई एप्रिल, जी मे, एच जून, के जुलै, एल ऑगस्ट, एम सप्टेंबर, एन ऑक्टोबर, पी नोव्हेंबर, एस डिसेंबर.

नंबर पूर्ण इथे टाकू नका. पहिली तीन चिन्हं पुरेत. पूर्ण नंबराचा फोटो कुणीही आपल्या सायकलचा म्हणून दाखवू शकतो.

रंगाचेथर

रंग काढण्याची घाई करू नका, कृपा करून. मूळ स्टिकर त्या काळ्या रंगाखाली असेल तर तोच एकमेव कागदपत्र आहे, आणि थिनरच्या एका बोळ्याने तो कायमचा जातो.

बीबीच्या तळाला स्टिकर नसतात, तिथे रसायन चालेल. रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापा, वरून पॉलिथिन गुंडाळा, दहा मिनिटांनी लाकडी पट्टीने खरवडा. हे संध्याकाळी करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी रिमूव्हर रंगात शिरायच्या आत उडून जातो आणि मग लोक वैतागून पत्रीने घासतात, त्यात उथळ ठोकलेले अंक पुसट होतात. धातू उघडा पडला की अंकांत खडूची पूड भरून वरून कोरड्या फडक्याने पुसा. पांढरं फक्त खाचेत राहतं. ३ आणि ८, एच आणि एन यांत गोंधळ वाटला तर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. तेवढं झालं की त्याच दिवशी तेलाचा हात द्या, नाहीतर उघडं पोलाद आठवड्यात तांबूस होतं.

दांड्यांवर मात्र रसायन नको. आधी नुसता उजेड. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च दांड्याला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसटत जाईल. जुन्या स्टिकरची कड केसाएवढी उंच असते, आणि ब्रशचा रंग ती बुजवत नाही, तिच्यावरून चढून जातो. समोरून बघितलं तर काहीच नाही. टॉर्च तिरपा झाला की अक्षरांच्या एका बाजूला बारीक सावली पडते. टॉर्च दोन्ही टोकांकडून फिरवा, कारण आडव्या आणि उभ्या रेषांच्या सावल्या एकाच वेळी दिसत नाहीत. फोटो फ्लॅश बंद करून काढा.

सावली मिळाली आणि तरी वाचता आलं नाही, तरच २००० नंबरचा पॉलिश पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून, बोटाने नाही तर सपाट खोडरबरावर गुंडाळून, एका जागी वीसेक हात. उंच कडांवरचा काळा आधी जातो, आणि अक्षराची कड रंगीत रेघेसारखी उमटते. ती दिसताक्षणी थांबा.

सातरस्ता

नंबर बीबीच्या तळाला निघाला. खडूने स्पष्ट वाचता आला : एन, एच, ५, पुढे आकडे.

टॉर्चने खालच्या दांड्यावर मोठ्या अक्षरांची सावली आहे, पण कॅम्पॅग्नोलोच्या स्टिकरने मध्येच तोडली आहे. वरच्या दांड्यावर नीट दिसतं. सुरुवातीचा भाग ब्रशच्या जाड फटकाऱ्याखाली गेला आहे, शेवटची चार अक्षरं मात्र स्वच्छ : पी, आर, आय, एक्स. पॉलिश पेपरचे मोजून पंधरा हात मारले, एक्सच्या एका पायावर पिवळसर रेघ आली, थांबलो. काळ्याखाली फ्रेमचा मूळ रंग हिरवा दिसतो.

बिल्लारिव्हेट

ग्रां प्री, इंग्रजी अक्षरांत Grand Prix. रॅले ग्रां प्री, नॉटिंगहॅम, जून १९७५.

बघा, सगळं कसं एका जागी आलं. ग्रां प्री हे रॅलेच्या दहा गिअरच्या मालिकेतलं खालच्या बाजूचं मॉडेल. साध्या पोलादाच्या नळ्या, कॉटरचे क्रँक, सिम्प्लेक्सचा प्लास्टिकचा डिरेलर, वाइनमानचे ब्रेक, २७ × १ १/४ ची चाकं. म्हणजे तुमच्या सायकलवरचा सिम्प्लेक्स आणि वाइनमान बहुधा मूळचेच आहेत. त्याच मालिकेतल्या 'रेकॉर्ड' या मॉडेलवर हुरे कंपनीचे डिरेलर येत. वर्षाचा ५ हा १९८५ चा असू शकत नाही, कॉटरचे क्रँक आणि हा डिरेलर या मॉडेलांवरून तोवर गेले होते.

खालच्या दांड्यावरचं स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून, एका कोपऱ्यापासून, दांड्याला चिकटून मागे ओढत काढा. वर ओढलं तर खालचा काळा आणि त्याखालचं मूळ दोन्ही घेऊन येईल. तिथे 'रॅले' निघायला हवं.

आटेमोजणी

आता चालवण्याआधीच्या गोष्टी, कारण २६ आट्यांची फ्रेम इकडे सांभाळणं वेगळं काम आहे.

तुमचे दोन्ही बीबी कप आणि हँडलच्या वरचा लॉकनट जपून ठेवा, हे भाग इथे मिळत नाहीत. चिमट्याच्या खांबालाही २६ च आटे आहेत, दुकानातला २४ चा नट त्यावर जबरदस्तीने चढवला की खांबच गेला. कपाच्या वाटेत बारीक खड्डे असले तरी चालतात, नवे छर्रे घाला : बीबीला पाव इंची, एका बाजूला ११. हँडलला वर-खाली ५/३२ इंची, २५-२५. पुढच्या हबला ३/१६ चे १०-१०, मागच्याला पाव इंची ९-९. पिंजऱ्यातले न घेता सुटे ग्रीसमध्ये बसवा.

कप अगदीच गेले असतील तर नळीला २४ चे आटे नव्याने पाडून घेऊ नका. जुन्या आट्यांना आडवे छेद जातात, अर्धे शिखर उरतं, कप काही महिन्यांत हलायला लागतो. आटे न वापरता आतून फाकून घट्ट बसणारा कार्ट्रिज बीबी मिळतो, तो मागवा, फ्रेमला हात लागत नाही.

सिम्प्लेक्सचं प्लास्टिक ऊन आणि वय दोन्हीने ठिसूळ होतं. बिजागरीच्या बोल्टभोवती भिंगाने बघा, केसासारखी तडा असेल तर तो डिरेलर काढून डब्यात ठेवा आणि चालवायला धातूचा लावा. चालता चालता तुटला तर पिंजरा तारांत जातो.

पूर्वभाग

टायरचं मीही सांगतो, इथे हमखास चूक होते. दुकानात '२७ ची' म्हटलं की '२८ चा बसतो की' म्हणून हातात देतात. साध्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६३५ मिमी, तुमची रिम ६३०. पाच मिमी सैल. हाताने सहज चढतो म्हणून बरं वाटतं, आणि हवा भरली की एका बाजूने रिमवरून निघून ट्यूब फुटते. हल्लीचा ७०० चा टायर ६२२, तो चढणारच नाही. म्हणून इंच सांगूच नका, टायरच्या कडेला ३२-६३० छापलेलं आहे का तेवढं वाचा. रिमच्या कडा आत वळलेल्या नाहीत, सरळ आहेत, त्यामुळे हवा ७० पीएसआयच्या वर नको.

आणि क्रोमच्या रिमवर ओल्यात ब्रेक जवळजवळ लागत नाही. ब्रेकचे जुने रबर दगडासारखे झाले असतील, ते आधी बदला.

सातरस्ता

स्टिकर काढलं. 'रॅले'ची पहिली तीन इंग्रजी अक्षरं पूर्ण आहेत, चौथ्याची फक्त उभी रेघ. चिमट्याच्या खांद्यावरच्या टोप्या रॉकेलच्या बोळ्याने आणि चिंचेच्या कोळाने पुसल्या, क्रोम जिवंत आहे.

पुढे दोन चकत्यांचा कॉटरचा क्रँकसेट शोधतो आहे. मोठीला ५२ आणि लहानीला ४० दातांच्या आसपास, चेन ३/३२. कुणाकडे पडून असेल तर डाव्या-उजव्या क्रँकची लांबी, कॉटरच्या भोकाचा व्यास आणि पायडलचे आटे ९/१६ इंची आहेत की १४ मिमी, एवढं मोजून इथेच लिहा.

कॉटरपिन

टोप्यांवर चिंच लावलीत तर नंतर पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण कोरड्या करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. आंबट आत राहिलं तर क्रोमच्या छिद्रांतून गंज वर येतो.

क्रँकसेटबद्दल : उजवा क्रँक चकतीसकट आला की आधी रिकाम्या एक्सलवर पिन न ठोकता नुसता सरकवून बघा. लहान चकतीचे दात आणि मागचा चिमटा यांत किमान ३ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. तेवढे नसतील तर एक्सल जास्त लांबीचं लागेल, आणि २६ आट्यांच्या कपांत बसणारं, ७१ मिमी नळीचंच. ते माप आत्ताच्या एक्सलवरून आजच काढून ठेवा : दोन्ही बॉलरेसच्या मधलं अंतर, आणि उजव्या रेसपासून टोकापर्यंतची लांबी.